दाणा टिपणे आणि शाई टिपणे

मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद दोन अगदी वेगळ्या व्यवहारांसाठी वापरले जाते. अंगणात सांडलेल्या धान्यातून पाखरू दाणा टिपते आणि कागदावरची ओली शाई टीपकागद टिपतो. पाखरू निवड करते. खडा टाकते, कोंडा टाकते, दाणा उचलते आणि पोटात घालून पचवते. टीपकागद निवड करीत नाही. जे जे ओले असेल ते सारे तो शोषून घेतो, आणि त्याच्यावर उमटलेली अक्षरे उलटी असतात. आरशासमोर धरल्यावाचून ती वाचता येत नाहीत. ‘टिपण’ हा शब्द या दोन व्यवहारांच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. संशोधनपर लेख वाचून विद्यार्थी वहीत जे काही लिहितो ते यांपैकी कोणत्या जातीचे असते, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गाला शिकवताना आम्हांला वारंवार पडला आहे. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर आम्ही एका जुन्या उदाहरणाच्या आधारे शोधू पाहतो.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. ‘नोट्स’ या शब्दाचा आपल्या महाविद्यालयांत रूढ झालेला अर्थ ‘प्राध्यापकांनी सांगितलेला आणि विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेला मजकूर’ असा आहे, आणि तो रूढ करण्यात आमचाही हात आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही स्वल्पविराम, अवतरणचिन्हांसह नोट्स सांगत असू. एका लेखाचे प्रकाशनवर्ष आमच्याकडून एकदा चुकीचे सांगितले गेले. ते चुकीचे वर्ष पुढच्या तुकड्यांच्या उत्तरपत्रिकांतही येत राहिले, कारण वह्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जात होत्या. मूळ लेख ग्रंथालयात, वर्गापासून शंभर पावलांवर होता. तो एकानेही उघडून पाहिला नाही याचा राग आम्हांला प्रथम विद्यार्थ्यांचा आला, आणि पुष्कळ उशिरा स्वतःचा. आम्ही त्यांच्या हाती टीपकागद दिला होता. त्यावर दुसरे काय उमटणार?

याचा अर्थ उतरवून घेणे ही हलकी गोष्ट आहे असा मात्र नव्हे. आपल्याकडे त्याची मोठी परंपरा आहे. रामदासी मठांतून आणि कीर्तनकारांच्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली बाडे ही उतरवून घेण्याचीच फळे होत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी अशी बाडे गावोगाव हिंडून मिळवली आणि धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात त्यांचा संग्रह केला. ती नसती तर संप्रदायाच्या वाङ्मयाचा केवढा तरी भाग आपण गमावला असता. परंतु बाडाचे प्रयोजन जतन हे होते. बाड लिहिणारा पदाशी भांडत नाही. संशोधनाच्या टिपणाचे प्रयोजन निराळे आहे. तेथे वाचलेल्या मजकुराला उलटे प्रश्न विचारायचे असतात. बाडाची शिस्त टिपणाला लावली की वही सुंदर होते आणि विचार जागच्या जागी राहतो.

उलटे प्रश्न विचारण्याची ही शिस्त विद्यापीठांच्या इतिहासात तुलनेने अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतून, विशेषतः बर्लिनमध्ये रांके या इतिहासकाराच्या भोवती, ‘सेमिनार’ नावाची पद्धत आकाराला आली. व्याख्यान ऐकून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांनी साधने स्वतः तपासावीत, निबंध लिहावा, तो इतरांपुढे वाचावा आणि त्यावरील आक्षेपांना उत्तरे द्यावीत, असे तिचे स्वरूप होते. १८७६ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ही पद्धत अमेरिकेत रुजवली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानेही ती स्वीकारली. पदव्युत्तर विद्यार्थ्याला दुसऱ्यांच्या संशोधनावर टिपणे काढण्याची गरज खरी याच पद्धतीने निर्माण केली. ज्याला उद्या वर्गापुढे उभे राहून आक्षेप झेलायचे आहेत, त्याला नुसते उतरवून घेणे परवडत नाही.

अशाच एका सेमिनारमध्ये ९ मे १९१६ या दिवशी एका पंचवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याने आपला निबंध वाचला. सेमिनार मानववंशशास्त्राचा, प्राध्यापक गोल्डनवायझर यांचा; विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. विद्यार्थी होते भीमराव रामजी आंबेडकर. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांच्या लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांना तो नवा नाही. त्याचे वाचन बहुधा त्यातील सिद्धान्तासाठी होते, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र येथे तो एका वेगळ्या हेतूने उघडत आहोत. हा निबंध मुळात वर्गासाठी लिहिलेला आहे. आज आपण ज्याला अभ्यासक्रमांतर्गत लेखन म्हणतो त्या प्रकारात तो मोडतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने दुसऱ्यांचे संशोधन कसे वाचावे आणि त्यातून काय टिपावे, याचा इतका स्वच्छ नमुना मराठी माणसाच्या लेखनात आम्हांला दुसरा आढळला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी जे पाठ्यक्रम घेतले त्यांची नोंद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन यांचा प्रत्येकी एक. १९१५ साली त्यांनी एम.ए. केले. म्हणजे जातीवरचा निबंध लिहिणारा हा विद्यार्थी मुख्यतः अर्थशास्त्राचा होता आणि मानववंशशास्त्राच्या दालनात तो शेजारघरी गेल्यासारखा आला होता. शेजारघरी गेलेल्या माणसाला त्या घरातल्यांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात, हे पुढे ध्यानात येईलच.

निबंधात लवकरच चार विद्वान एका रांगेत उभे केलेले दिसतात. पहिले एमिल सेनार, फ्रेंच प्राच्यविद्यापंडित. दुसरे नेसफील्ड, वायव्य प्रांतातील शिक्षणखात्याचे अधिकारी. तिसरे सर हर्बर्ट रिस्ले, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. चौथे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले, परंतु त्या वेळी अमेरिकेतीलच कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून आलेले आणि भारतातील जातींच्या इतिहासावर १९०९ साली इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केलेले संशोधक. या चौघांच्या जातीविषयीच्या व्याख्या आंबेडकर एकापाठोपाठ एक देतात. नेमके शब्द उद्धृत करतात, आणि मग एकेकीकडे वळतात.

येथपर्यंतचे काम टीपकागदही करू शकला असता. चार व्याख्या गोळा करणे हे आमच्या कोणत्याही मेहनती विद्यार्थ्याला जमते. किंबहुना आमच्याकडील प्रबंधांतील ‘संकल्पनाविचार’ नावाचे प्रकरण पुष्कळदा येथेच संपते: अमुक असे म्हणतात, तमुक असे म्हणतात, आणि ‘वरील व्याख्यांवरून असे दिसते की’ असे म्हणून चारही व्याख्यांची मोट बांधलेले एक पाचवे, आणखी लांब वाक्य. आंबेडकरांनी मोट बांधली नाही. त्यांनी प्रत्येक व्याख्येला एकच प्रश्न विचारला: यात सांगितलेले लक्षण जातीचे कारण आहे की परिणाम?

हा प्रश्न लागताच व्याख्या एकेक करून मोकळ्या होतात. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेवर भर दिला. आंबेडकर म्हणतात, ती कल्पना पौरोहित्याशी निगडित आहे. पुरोहितवर्गाची जात सर्वांत वरची ठरली म्हणून विटाळ जातीला चिकटला, तो जातीचा गाभा नव्हे. नेसफील्ड यांनी जातीबाहेर रोटीव्यवहार नसणे हे लक्षण मानले. हे परिणामाला कारण समजणे होय; जो गट आपल्यापुरता बंद झाला आहे तो बाहेरच्यांबरोबर जेवणार नाही हे उघडच आहे. रिस्ले यांच्या व्याख्येत स्वतंत्र विचार करण्याजोगे नवे काही नाही, असे एका ओळीत सांगून ते पुढे जातात. ही एक ओळ आम्हांला फार महत्त्वाची वाटते. रिस्ले हे त्या काळी या विषयातील सरकारमान्य नाव होते. एखाद्या नावाला किती जागा द्यायची हे त्या नावाच्या दबदब्यावर नव्हे, तर आपल्या प्रश्नाला त्याच्याकडून काय मिळते यावर ठरवायचे, हा टिपणकाराचा अधिकार या विद्यार्थ्याने बिनदिक्कत वापरला आहे.

केतकरांच्या बाबतीत सूर बदलतो. केतकर एतद्देशीय आहेत, त्यांनी चिकित्सक बुद्धीने आणि मोकळ्या मनाने विषय हाताळला आहे, आणि जातीचा विचार जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला आहे, असे श्रेय आंबेडकर प्रथम देतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: सभासदत्व जन्माने मिळणे आणि जातीबाहेर विवाहाला बंदी असणे. आंबेडकर म्हणतात, ही दोन लक्षणे नव्हेत. एकाच नाण्याच्या या दोन बाजू आहेत. विवाह जातीतच होणार असतील तर जातीत जन्मलेल्यांखेरीज दुसरे कोणी तीत येणारच नाही. दोनातून एक वजा झाले आणि हाती उरला तो अंतर्विवाह. जातीचे एकमेव सारभूत लक्षण म्हणून तो त्यांनी स्वीकारला.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. एक महार विद्यार्थी कोकणस्थ ब्राह्मण पंडिताची व्याख्या तपासतो आहे, तिचे श्रेय देतो आहे आणि तिच्यातील चूकही दाखवतो आहे. आणि विषय आहे खुद्द जात. त्याच काळात इकडच्या गावागावांत या विद्यार्थ्याच्या जातीच्या माणसाला पाणवठ्यावर पाणी घेता येत नव्हते. टिपणाच्या कागदावर मात्र फ्रेंच पंडित, इंग्रज अधिकारी, मराठी ब्राह्मण आणि वाचणारा विद्यार्थी हे सारे एका पंगतीला बसलेले आहेत आणि मान मिळतो आहे तो युक्तिवादाला. टिपण काढणे ही केवळ परीक्षेची सोय नव्हे, ती एक समतेची कृती असू शकते, हे आम्हांला या निबंधाने शिकवले. आणि उलट बाजूने पाहिले तर, नोट्स उतरवून देणारा आणि घेणारा यांच्यात कोणते नाते तयार होत असते, हेही.

पुढचा भाग टिपणाच्या दृष्टीने आणखी बोलका आहे. अंतर्विवाह हे लक्षण ठरल्यावर प्रश्न येतो तो यंत्रणेचा. ज्या समाजात सगोत्र विवाह निषिद्ध, म्हणजे बहिर्विवाह हाच मुळातला नियम, तेथे त्यावर अंतर्विवाह लादला गेला तर तो टिकतो कसा? येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी जागा होतो. बंद गटात विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या तुल्य राहिली पाहिजे. पती आधी वारला तर एक स्त्री ‘अतिरिक्त’ ठरते, पत्नी आधी वारली तर एक पुरुष. या अतिरिक्तांची व्यवस्था न लावल्यास गटाची भिंत फुटेल. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींकडे आंबेडकर या हिशेबातून पाहतात: त्या अंतर्विवाह टिकवण्याची साधने होत, आणि त्यांचे गुणगान करणारे तत्त्वज्ञान मागाहून आले. मानववंशशास्त्राच्या वहीत ही आकडेमोड कोणी करून ठेवलेली नव्हती. ती शेजारच्या वहीतून आली.

तसेच तिसऱ्या टप्प्याचे. एका बंद वर्गापासून इतक्या जाती कशा झाल्या, याचे उत्तर देताना, मनूने जात लादली हे म्हणणे आंबेडकर नाकारतात आणि अनुकरणाच्या सिद्धान्ताकडे वळतात. त्यासाठी ते वॉल्टर बॅजट आणि गाब्रिएल तार्द यांचा आधार घेतात. तार्द यांचा अनुकरणाच्या नियमांवरील ग्रंथ १८९० चा. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०३ साली निघाले आणि त्याला प्रस्तावना होती कोलंबियातीलच समाजशास्त्राचे प्राध्यापक गिडिंग्ज यांची. तार्द यांनी भारतीय जातींसाठी तो ग्रंथ लिहिला नव्हता. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न पक्का असला म्हणजे दूरच्या शेतातला दाणाही त्याला आपला म्हणून ओळखता येतो. प्रश्नच नसेल तर जवळचे कोठारही नुसते धान्याचा ढीग ठरते.

निबंधाचा शेवटही पाहण्याजोगा आहे. आपले विवेचन अंतिम आहे असा आपला दावा नाही, आणि ते टिकत नाही असे कोणी दाखवून दिल्यास ते सोडून देण्याची आपली तयारी आहे, असे आंबेडकर स्पष्ट सांगतात. ज्याने दुसऱ्यांच्या व्याख्या तपासल्या त्याने स्वतःचा सिद्धान्तही तपासणीसाठी पुढे ठेवला. सेमिनार या पद्धतीचे मर्म यापेक्षा वेगळे काय असते?

पुढे १९१६ मध्येच ते लंडनला गेले. १९१७ साली ते मायदेशी परतताना त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. ती बोट महायुद्धात पाणतीराने बुडवली गेली. कागद बुडाले, पण जे पचवले होते ते बुडाले नाही. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हे १९३६ चे भाषण त्याची साक्ष देते; जॉन ड्युई हे आपले गुरू, आपण त्यांचे फार ऋणी आहोत, असे त्यात ते नावानिशी म्हणतात. १९४४ साली या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले आहे की, कोलंबियातील तो निबंध यात समाविष्ट करून सारे लेखन नव्याने बांधण्याचा त्यांचा मानस होता, परंतु सवड मिळाली नाही. वर्गासाठी लिहिलेला एक निबंध अठ्ठावीस वर्षांनंतरही त्यांच्या मेजावर अपुऱ्या कामाच्या रूपाने जिवंत होता.

टिपण कसे काढावे यावर पाश्चात्त्यांनी बरेच लिहिले आहे. आंबेडकर लंडनमध्ये ज्या अर्थशास्त्रसंस्थेत दाखल झाले तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बिअट्रिस वेब यांनी १९२६ च्या आपल्या आत्मचरित्राला या विषयावरचे एक परिशिष्टच जोडले आहे. एका कागदावर एकच नोंद करावी, म्हणजे कागदांचा क्रम हवा तसा बदलून पाहता येतो आणि अनपेक्षित संबंध दिसू लागतात, हे त्यांचे सूत्र. टिपण त्यांच्या मते स्मरणाचे नव्हे, तर शोधाचे साधन आहे. उंबेर्तो एको यांनी १९७७ साली प्रबंधलेखनावर इटालियन विद्यार्थ्यांसाठी जे पुस्तक लिहिले त्यात झेरॉक्सविषयी एक मार्मिक इशारा आहे: प्रत काढून जवळ ठेवली की वाचल्याचे समाधान मिळते आणि वाचन राहून जाते. झेरॉक्सच्या जागी आज भ्रमणध्वनीतील छायाचित्रे आणि संगणकावर साठवलेल्या फाइली आल्या आहेत. आणि आता तर यंत्र क्षणार्धात लेखाचा गोषवाराही काढून देते. तो गोषवारा पुष्कळदा नेटका असतो. आमची तक्रार त्याच्या नेटकेपणाविषयी नाही. नेसफील्ड यांच्या लेखनाचा उत्तम गोषवारा काढला तरी त्यात ‘हा परिणाम आहे, कारण नव्हे’ हे वाक्य येणार नाही. कारण ते नेसफील्ड यांच्या लेखनात नाहीच. ते वाचणाऱ्याकडून यावे लागते.

आमच्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण असते, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ते मराठीतून लिहितात, परंतु वाचायचे लेख बहुधा इंग्रजीत असतात. मग इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरतात आणि लिहायच्या वेळी त्यांचे ओबडधोबड भाषांतर होते. आम्ही हल्ली असे सुचवतो की टिपण पहिल्यापासून मराठीत काढावे, लेख मिटून ठेवून काढावे, आणि जेथे मराठी शब्द अडेल तेथे थांबावे. शब्द अडतो तेथे बहुधा विचारही कळलेला नसतो. ‘अंतर्विवाह’ आणि ‘बहिर्विवाह’ हे शब्द पाठ असणे वेगळे, आणि ‘गोत्राबाहेर, पण जातीच्या आत’ हे आपल्याच घरातील लग्नपत्रिकेवरून ओळखता येणे वेगळे.

गेल्या काही वर्षांपासून आम्ही वर्गात नोट्स सांगणे बंद केले आहे. त्याऐवजी एकच लेख सर्वांना देतो आणि पानाच्या डाव्या बाजूला लेखकाचे म्हणणे, उजव्या बाजूला त्याला विचारलेला एक प्रश्न, एवढेच मागतो. विद्यार्थ्यांना हे आवडते असे आम्ही म्हणणार नाही. निकालाची चिंता त्यांना आहे, आम्हांलाही आहे. उजवी बाजू कित्येक आठवडे कोरीच येते. मागच्या सत्रात एका विद्यार्थिनीने मात्र उजवीकडे लिहून आणले की, लेखकाने दिलेली तीनही उदाहरणे पुण्यातलीच आहेत, मग विधान साऱ्या महाराष्ट्राविषयी कसे? तो लेख आमचाच होता. उत्तर आमच्यापाशी अजून तयार नाही. परंतु तो दाणा तिने अचूक टिपला होता.